दुसरा आवाज

आमच्या दुकानात बांगडी फुटत नाही. म्हणजे फुटते, काचेची वस्तू आहे, ती दुसरं काय करणार. पण ‘फुटली’ असं कुणी म्हणत नाही. बांगडी ‘वाढते’. गिऱ्हाइकाच्या हातात भरताना तडकलीच, तर “वाढली गं एक, दुसरी घेते” म्हणायचं आणि तुकडे हळूच डब्यात सरकवायचे. संध्याकाळी शटर ओढतो तेव्हाही आम्ही दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. लग्न होऊन मिरजेत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी “दुकान बंद करायचं का?” असं विचारलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांचं दिवाळंच काढायला आले होते. तेव्हापासून माझी जीभ वळली ती वळलीच.

आम्ही कासार. आडनाव डोईजड. हसून घ्या, सगळेच हसतात. घरात डोईजड व्हायचा हक्क एकाच माणसाचा होता, माझ्या थोरल्या जाऊबाई उज्ज्वला यांचा, आणि तो त्यांनी कधी बजावला नाही. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. माल मागवणं आणि व्यापाऱ्यांशी भांडणं माझ्याकडे, हात अक्कांकडे, अशी आमची वाटणी. बांगडी भरणं म्हणजे नुसती सरकवणं नव्हे. समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, तो सैल पडेपर्यंत गप्पा मारत थांबायचं, मग अंगठ्याच्या मुळाचं हाड आत दाबून, बोटं जुळवून, अडीचच्या हातात सव्वादोनची बांगडी बसवायची. बांगडी जितकी घट्ट तितका हात देखणा, असं अक्का म्हणतात.

समोरच्या दुकानात आता मनगट मोजून बांगडी बनवणारं यंत्र आलं आहे. हात आत घालायचा, निळा उजेड फिरतो, आणि चहा पिऊन होईपर्यंत बिजागरीची बांगडी तयार. टक् करून उघडते, टक् करून मिटते. भरायचं कामच नाही. तरी लग्नाचा चुडा आणि डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या भरायला बायका अक्कांकडेच येतात. यंत्र हात धरत नाही ना.

अक्कांच्या छातीत गाठ निघाली तेव्हा त्यांची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली, ते सगळं त्यांनी गप्प बसून सोसलं. पण “आता यापुढे बरीच वर्षं एक औषध चालू ठेवायचं” असं डॉक्टर हिरेमठ म्हणाल्या, तेव्हा अक्का पहिल्यांदा वाद घालायला बसल्या. डॉक्टर मुलगी वयानं लहान, स्वभावानं गोड, आणि उत्तर देताना खुर्ची पुढे ओढून बसायची सवय असलेली.

“तुमच्या गाठीला इस्ट्रोजेनची चटक होती, काकू. ते मिळालं की ती वाढायची. एखादी पेशी कुठं लपून राहिली असेल तर तिला ते मिळू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.”

“पण पाळी गेली की माझी. आता ते येतंय कुठून?”

“अंडाशयातून येणं थांबलं. पण मूत्रपिंडांच्या वर दोन ग्रंथी असतात, त्या कच्चा माल बनवतात. आणि अंगातल्या चरबीत, स्नायूंत अरोमाटेज नावाचं एक विकर असतं. ते त्या कच्च्या मालाचं इस्ट्रोजेन करतं. थोडंथोडं, पण रोज.”

अक्कांनी जरा विचार केला. “म्हणजे फिरोजाबादची काचेची मोठी भट्टी विझली, पण गल्लीगल्लीत लोकांनी शेगड्या पेटवल्या.”

“अगदी! हे औषध त्या शेगडीवाल्याला कामच करू देत नाही.”

डॉक्टरनं पुढचंही लपवलं नाही. इस्ट्रोजेन म्हणजे काही फक्त गाठीचं खाणं नव्हे. हाडं, सांधे, कातडी, झोप, सगळ्यांना त्याचा रतीब असतो. रतीब तुटला की सगळे कुरकुर करतात. हाडं विरळ होतात, अंगातून वाफा निघतात, आणि सकाळी उठल्यावर बोटं अशी आखडतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

माझ्या मावशीच्या वेळी हे औषध गोळीच्या रूपात होतं. रोज एक. मावशी ती जिभेखाली धरायची आणि मागच्या दारी जाऊन थुंकायची. बोटं दुखतात म्हणून. तिला वाटायचं कुणाला कळत नाही. मावशीचं पुढं काय झालं, ते मी अक्कांना कधीच सांगितलं नाही.

आता गोळी नाही. दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली एक मऊ नळी बसवतात, बोटाच्या पेराएवढी. तिच्यात औषध असतं आणि एक प्रकारचं नाक असतं. अंगात इस्ट्रोजेन किती आहे, हाडं किती झिजताहेत, हे ते हुंगत राहतं आणि तेवढ्यास तेवढं औषध सोडतं. पहिल्यांदा या नळ्या स्वतःच सगळं ठरवायच्या, तर बायका चिडल्या. आमच्या अंगात काय चाललंय ते आम्हाला विचाराल की नाही? म्हणून मग नळीला आवाज दिला. पानाच्या डब्याएवढी एक डबी जवळ ठेवायची. ती रोज विचारपूस करते, आणि डॉक्टरांनी आखून दिलेल्या हद्दीत मात्रा बदलायची असेल तर परवानगी मागते. मात्र एकाच आवाजाची परवानगी चालत नाही. दुखणारं माणूस सकाळच्या पहारी काहीही बोलून जातं. म्हणून दोन आवाज लागतात: एक तिचा, आणि एक तिनं निवडलेल्या सोबत्याचा.

अक्कांनी नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावोजींना, निवडलं नाही. “मी जरा डोळ्यांत पाणी आणलं की ते काहीही कबूल करतात. जयू, तू हो माझी सोबती. तू व्यापाऱ्यांना ऐकत नाहीस, मला काय ऐकणार.”

डबीचं मराठी शहरातल्या दवाखान्यांतलं होतं, कडक इस्त्रीचं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “सुप्रभात, उज्ज्वलाताई. आज बोटं आखडली आहेत का?”

“तुला काय करायचंय?”

“मला औषधाची मात्रा ठरवायची आहे. रात्री झोप लागली का? घाम आला होता का? काल चालायला गेला होतात का?”

अक्का माझ्याकडे वळल्या. “ऐकतीस ना? या घरात नणंद नव्हती, ती हौस फिटली.” आणि डबीला पदरानं पुसत म्हणाल्या, “वन्सं, सगळं सांगते, पण आधी चहा होऊ दे.”

त्या दिवसापासून डबीचं नाव वन्सं.

*

पहिलं वर्ष बरं गेलं. मग बोटं बोलायला लागली. आधी सकाळी, मग दुपारपर्यंत. उजव्या हाताचं मधलं बोट मिटलं की उघडेना. डाव्या हातानं सरळ करावं लागे, तेव्हा कट् असा आवाज यायचा. भावोजी सकाळी उठून घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायचे. डॉक्टरनं व्यायाम दिले, गरम मेणात हात बुडवायला दिले. मात्रा हद्दीच्या तळाशीच होती. त्याखाली डॉक्टर उतरायला तयार नव्हत्या.

अक्का दुकानात मात्र काही दाखवायच्या नाहीत. पण काच खोटं बोलत नाही. पूर्वी अख्ख्या चुड्यात एखादी वाढायची. आता एका हातात तीन-तीन वाढायला लागल्या. एकदा डोहाळजेवणाच्या बांगड्या भरताना एका पोरीच्या तळव्यात काच घुसली. तिची सासू उठता उठता मला म्हणाली, “त्यापेक्षा समोर टक् करून घेतलं असतं.” अक्कांनी ते ऐकलं.

दिवाळी झाली, गर्दी ओसरली. एका संध्याकाळी मी शटरचा आकडा शोधत होते आणि अक्का गल्ल्यामागे वन्संशी काहीतरी बोलत होत्या. मी बाहेर पायरीवर, रस्त्यावर कुणाची तरी वरात, बँड जोरात. आतून अक्का ओरडल्या, “जयू, वाढवायचं ना गं?”

“वाढवा, वाढवा, किती वेळ?” मी म्हणाले आणि शटर अर्धं खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी वन्सं गल्ल्यावर नव्हत्या. विचारलं, तर अक्का म्हणाल्या, “सासरी पाठवल्यात.” बांगड्यांच्या खालच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. माझ्या फोनवर नळी ठीक असल्याचा, सोबत्यासाठीचा हिरवा ठिपका होता तसाच होता, म्हणून मी हसले आणि सोडून दिलं. नणंदेला सासरी पाठवायची इच्छा कुणाला होत नाही?

*

थंडीत अक्का बदलल्या. म्हणजे चांगल्या झाल्या, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली. भावोजींवर चिडेनाशा झाल्या. ठेवणीतली निळी पैठणी काढून माझ्या मुलीच्या नावानं वेगळी ठेवली. आणि एक दिवस मला समोर बसवून म्हणाल्या, “आजपासून बांगडी भरायला शीक.”

“मी? अक्का, माझे हात म्हणजे पकड आहेत.”

“म्हणूनच शीक.”

रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी त्यांच्याच हातावर शिकायला लागले. त्यांचे सांधे गरम आणि सुजलेले असायचे. मी दाबलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “अजून. भिऊ नकोस.” एका दुपारी मी जरा जोर केला आणि त्यांच्या घशातून असा आवाज निघाला, की मी हातातली बांगडी टाकून दिली.

“हे एवढं कधीपासून दुखतंय? डॉक्टरला सांगितलंत?”

“सांगून काय होणार.”

“काय होणार म्हणजे? मात्रा बघतील, औषध बदलतील.”

अक्कांनी दाराकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. “औषध चालूच नाही, जयू.”

मला कळेना. म्हणाले, “कसं नाही? नळी आहे की दंडात.”

“मी बंद केलंय. दिवाळीनंतर. वन्संना सांगितलं, बाई, आता वाढव तुझं काम. त्या म्हणाल्या, दुसरा आवाज लागेल. तू बाहेर शटर ओढत होतीस. मला माहीत होतं मी हाक मारली की तू काय म्हणणार.” त्या खाली बघत बोलत होत्या. “तू म्हणालीस, वाढवा, वाढवा. त्यांनी घेतलं मान्य करून.”

माझ्या कानांत गरम वाफ गेली. इतक्या वर्षांत मी अक्कांना कधी अहो-जाहोशिवाय बोलले नव्हते. “तू माझा आवाज चोरलास?” मी म्हणाले. “मला न विचारता? माझ्याच तोंडून? उद्या तुला काही झालं असतं तर मी काय करणार होते गं?”

“मला हात हवे होते.”

“हात हवे होते! आणि मिळाले का?”

“नाही ना.” अक्का अगदी हळू म्हणाल्या. “तेच तर. औषध बंद केलं की महिना-दोन महिन्यांत दुखणं जातं, असं सगळ्या म्हणतात. माझं दुप्पट झालं. औषध नाही आणि तरी हाडं दुखताहेत. म्हणजे हे औषधाचं दुखणं नव्हे, जयू. ते आलंय परत. हाडांत गेलंय.”

आता मला पैठणी कळली, आणि शिकवणीही कळली.

मी रागानंच त्यांच्या पायांत चपला सरकवल्या. दुकान तसंच उघडं टाकून समोरच्या यंत्रवाल्याला म्हणाले, “लक्ष ठेव रे जरा,” आणि खणातून वन्संना उचलून पिशवीत घातलं.

*

डॉक्टर हिरेमठांनी नळीवर नोंदी वाचणारं यंत्र टेकवलं, पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“काकू, किती दुखतंय?”

“मुळीच धरवत नाही काही.”

“बरोबर आहे. तुम्ही मात्रा वाढवलीत ना.”

“हो,” अक्का म्हणाल्या. “वाढवलं. माझीच चूक.”

“पण का वाढवलीत?”

“दुखत होतं म्हणून.”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग परत अक्कांकडे. “दुखत होतं म्हणून वाढवलीत?”

“मग? दुखतंय म्हटल्यावर कोण चालू ठेवील?”

“नाही, म्हणजे... दुखत असताना कुणी कमी करतं ना, काकू.”

“कमी कशाला, मी सरळ वाढवूनच टाकलं!” अक्का आता चिडल्या होत्या. “परत काही चालू करायचंच नाही म्हटलं.”

माझ्या डोक्यात काहीतरी हळूच सरकलं, एका बांगडीवर दुसरी बसावी तसं. “डॉक्टर,” मी म्हणाले, “वाढवली म्हणजे काय केली?”

“वाढवली म्हणजे वाढवली. हद्दीच्या वरच्या टोकाला नेली. दिवाळीनंतर. तुम्हा दोघींचे आवाज आहेत त्याला.”

“जास्त केली.”

“हो. जास्तच की.”

मी अक्कांकडे पाहिलं. मग मी डॉक्टरला सांगितलं. कासाराच्या घरात बांगडी कशी फुटते, दुकान कसं बंद होतं, सगळं. सांगता सांगता माझं मलाच हसू यायला लागलं, आणि त्यातच रडूही. डॉक्टरच्या घरी कानडी. हे तिला नवीन होतं. तिनं आधी तोंडावर हात धरला, मग तिचाही धीर सुटला. फक्त अक्का हसत नव्हत्या.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “हे सगळं औषधाचंच दुखणं?”

“तसं दिसतंय. पण तुमच्या मनात शंका आहे तर ती मी तोंडानं काढणार नाही. आजच हाडांचं चित्र काढू.”

चित्र काढेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. पिशवीतून मधूनच आवाज येत होता, “उज्ज्वलाताई, बऱ्याच दिवसांत बोलणं झालं नाही.” अक्का पिशवीला म्हणाल्या, “गप बसा वन्सं, तुमच्यामुळं मी मरून जिवंत झाले.” मी त्यांच्याशी बोलत नव्हते. पण त्यांचा हात माझ्या मांडीवर होता आणि मी तो तिथून काढला नाही.

हाडं विरळ होती. स्वच्छ होती. कुठंही डाग नव्हता.

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला, मग एकदम सरळ बसल्या. “आता खरं सांगते, डॉक्टर. चोरून नाही. मला थोडे दिवस माझे हात द्या.”

डॉक्टरांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. “तीन महिन्यांची सुट्टी देता येईल. अशा छोट्या सुट्टीनं फारसं नुकसान होत नाही असं मी मानते. हमी मात्र कुणीच देणार नाही. आणि सुट्टी संपल्यावर त्याच जातीचं दुसरं औषध, कमी मात्रेपासून. पण सुरू करा असं तुम्ही म्हटलंत तरच. तुमच्या इच्छेविरुद्ध नळी काही करणार नाही.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा आवाज.

मला मावशी दिसत होती.

“तू नको म्हणालीस तरी मी रुसणार नाही,” अक्का म्हणाल्या. “या खेपेला चोरायचा नाहीये. मागतेय.”

भांडायला आलेल्या व्यापाऱ्याला परतवणं सोपं असतं. हे असं मागणारं माणूस अवघड. “थांबवा औषध,” अक्कांच्या मागोमाग मीही डबीला म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही; डबीला बरा आला.

“थांबवणे म्हणजे पूर्ण बंद, असंच ना?” डबीनं विचारलं.

“आता शहाणी झाली,” अक्का म्हणाल्या.

*

वन्सं जरा जास्तच शहाण्या झाल्या. शब्दाचा घोळ कळल्यापासून त्या ‘वाढ’ ऐकलं की दचकायच्या. फाल्गुनात एका नवरीचा चुडा भरायला अख्खं वऱ्हाड दुकानात बसलेलं. अक्कांचे हात परत आले होते. सकाळची आखड गेली होती, मधलं बोट निमूट मिटत-उघडत होतं. नवरीचा हात धरून त्या सटासट हिरवा चुडा भरत होत्या आणि मी बाजूला बसून नुसती बघत होते. एकच बांगडी तडकली.

“वाढली गं एक,” अक्का म्हणाल्या.

“क्षमा करा,” गल्ल्यावरून खणखणीत आवाज आला, “वाढली म्हणजे फुटली का?”

नवरीची आजी तर डोळे वटारून डबीकडेच बघायला लागली. “वन्सं!” अक्का कळवळल्या. “नवरीसमोर! अहो, काही रीतभात?” नवरीच आधी हसली, मग सगळ्या हसल्या, आणि आजीनं डबीपुढं बोटं मोडून दृष्ट काढली. कुणाची, ते मला कळलं नाही.

हात परत आले तशी मी मात्र झोपेनाशी झाले. अक्का इतक्या खुशीत होत्या. एवढे चांगले हात कोण आपणहून परत देईल? मी मनातल्या मनात वाद तयार करायला लागले. आधी गोड बोलायचं, मग भावोजींना पुढं करायचं, आणि काहीच चाललं नाही तर मावशीचं सांगायचं. पाठ केलं होतं मी सगळं. नवऱ्यानं विचारलं, “ओठ का हलवतीस गं?” म्हटलं, स्तोत्र म्हणते.

मधेच एक गोष्ट डोळ्यांत यायची, पण मी तिचा अर्थ लावला नाही. बोलता बोलता अक्कांचा हात पदराआड जायचा. बराच वेळ तिथंच असायचा.

सुट्टी संपायचा दिवस आला. सकाळी दुकान उघडून मी पाणी शिंपडत होते, मनात पहिलं वाक्य जुळवत होते. अक्कांनी डबी पुढ्यात घेतली.

“वन्सं, उठा. सुट्टी संपली. नवं औषध सुरू करा.”

तांब्या माझ्या हातातच राहिला. मी घाईनं पुढं झाले, घसा खाकरला. “हो, हो, सुरू—”

“धन्यवाद, उज्ज्वलाताई,” वन्सं म्हणाल्या. “ठरलेलं औषध सुरू करायला एकच आवाज पुरतो. सुरू केलं आहे.”

इतकं पाठ केलेलं सगळं वायाच गेलं. “अक्का, अहो... हात चांगले होते ना?”

“फार चांगले होते.” त्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. “पण तुला सांगू? बरे हात मिळाले आणि ते दिवसभर गाठ शोधत बसले. काखेत बघ, छातीत बघ. बांगडी भरताना एका हाताचं लक्ष तिकडेच. रात्री ह्यांनी हात धरला तरी मी सोडवून घेते आणि चाचपते. असले हात घेऊन काय करू? त्यापेक्षा दुखलेले बरे. दुखतंय म्हणजे औषध कामावर आहे, एवढं तरी कळतं आता.”

“मग माझी काही गरजच नाही म्हणायची,” मी म्हणाले. ते जरा रुसल्यासारखंच निघालं.

“आहे की. इकडं ये. बस. त्या औषधाला जाऊन चिकटायला चार दिवस तरी लागतील ना? तोवर हे हात माझे आहेत.” त्यांनी खणातून मोरपंखी रंगाच्या बांगड्यांचा एक तोडा काढला, माझ्या हाताला नक्कीच लहान असलेला. “दे हात.”

“अक्का, त्या सव्वादोनच्या आहेत. माझा हात बघा, खलबत्ता आहे.”

“दे म्हणते ना.”

त्यांचा तळवा कोरडा आणि उबदार होता. त्यांनी माझी बोटं जुळवली आणि घाई न करता धरून ठेवली.

“बाकी, घरी कसं काय?” त्या परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तशा म्हणाल्या. “थोरली जाऊ आहे म्हणे तुला. छळते का?”

“फार,” मी म्हणाले, आणि तोवर बांगडी आत गेली होती.